खाडीपलीकडचं स्वस्त घर

सध्या आमच्या नात्यागोत्यात एकच विषय चालू आहे, उलवे. भाच्याला तिकडे घर घ्यायचंय, पुतण्याला घ्यायचंय आणि आता आमच्या थोरल्यालाही. पूर्वी मुलांचा फोन आला की "पाऊस झाला का?" असं विचारायचे, आता स्क्वेअर फुटाचा भाव सांगतात. तुमच्याही घरात हे चालू असेलच. उलवे नसेल तर द्रोणागिरी असेल, उरण असेल, नाहीतर करंजाडे. दहा जणांना दहा वेळा फोनवर सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढावं म्हणून आज बसले आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांना पुढचं वाचायला नको. मोठ्या शहराच्या शेजारी, पाण्याकाठी, परवडणारं घर मिळत असेल तर तरुणांनी जरूर जावं. पण 'परवडणारं' हा शब्द बिल्डरच्या जाहिरातीतून उचलू नये, स्वतः कागद-पेन्सिल घेऊन मांडून बघावा. घर स्वस्त मिळतं तेव्हा उरलेली किंमत कुणीतरी भरतच असतं. ते कोण, हे कळेपर्यंत टोकनचे पैसे देऊ नयेत.

मी बत्तीस वर्षं भूगोल शिकवला. फळ्यावर नकाशा टांगल्याशिवाय धडा सुरू करायची मला सवय नाही. तेव्हा नकाशा डोळ्यांपुढे आणा. मुंबई उत्तर-दक्षिण पसरलेली, तिच्या पूर्वेला ठाण्याची खाडी आणि बंदराचं पाणी, पलीकडच्या काठावर नवी मुंबई. वाशी, नेरूळ, बेलापूर मागे टाकून पनवेलची खाडी ओलांडली की उलवे. त्याच्या एका अंगाला नवा विमानतळ, दुसऱ्या अंगाला न्हावा-शेवाचं बंदर आणि आणखी खाली उरण. एके काळी इथे भाताची खाचरं आणि मिठागरं होती. आता इमारतींच्या रांगा आहेत.

इथली घरं इतकी वर्षं स्वस्त का राहिली, त्याचं उत्तर नकाशातच आहे. मधे पाणी होतं. वाशीचा पहिला पूल झाला १९७३ मध्ये. रेल्वे खाडी ओलांडून वाशीला यायला १९९२ साल उजाडलं. उलव्यात खारकोपरपर्यंत लोकल आली ती नोव्हेंबर २०१८ मध्ये, आणि तीच गाडी उरणपर्यंत गेली १२ जानेवारी २०२४ ला. त्याच दिवशी शिवडीहून निघणारा जवळजवळ २२ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला. विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबरपासून तिथून विमानं उडू लागली. जे पाणी पिढ्यान्‌पिढ्या आडवं येत होतं ते सात-आठ वर्षांत आडवं यायचं थांबलं. आमचा थोरला म्हणतो, "आई, आत्ता नाही घेतलं तर कधीच घेता यायचं नाही." त्याचं म्हणणं मी खोटं ठरवणार नाही. ठाण्यात जेवढ्या पैशात एक बेडरूम मिळते तेवढ्यात इथे दोन मिळतात असा त्याचा हिशोब आहे, आणि पूल झाल्यावर पलीकडची जमीन फार काळ स्वस्त राहत नाही हेही खरं.

पण एक जुनी गोष्ट सांगते. नवी मुंबई ही कल्पना १९६५ च्या सुमाराची. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी 'मार्ग' नियतकालिकातून ती मांडली होती. मुंबई उत्तरेकडे लांबच लांब वाढत चालली आहे, तर खाडीच्या पलीकडे दुसरं शहर उभं करा, असं त्यांचं म्हणणं. पुढे १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. त्या कल्पनेचा गाभा होता तो पलीकडे कामं नेण्याचा. सरकारी कचेऱ्या, बाजार, उद्योग तिकडे गेले तर माणसं आपोआप जातील आणि मुंबईचा भार हलका होईल. मंत्रालय काही तिकडे गेलं नाही. उलट त्याच काळात नरिमन पॉइंटला समुद्रात भर घालून टोलेजंग कचेऱ्या उभ्या राहिल्या. त्यामुळे झालं काय, की बरीच वर्षं माणसं झोपायला खाडीच्या या बाजूला आणि कामाला त्या बाजूला.

जिथे काम खरोखरच हललं तिथे मात्र चित्र वेगळं दिसतं. आपल्या नगरच्या, पारनेरच्या शेतकऱ्यांना हे मी सांगायला नको. आपला कांदा ज्या वाशीच्या मार्केटला जातो, तो घाऊक बाजार मुंबईतून उठवून इथे आणलेला आहे. त्याच्याबरोबर व्यापारी आले, गाडीवाले आले, माथाडी आले. माथाडी कामगारांसाठी कोपरखैरणे, घणसोली भागात घरं झाली. पहाटे मालाच्या गाड्या लागतात तेव्हा त्यांना खाडी ओलांडून यावं लागत नाही. माझ्या मते घर परवडतं ते त्यांना.

आता हसू नका, पण आपलं नगर तरी दुसरं काय आहे? (कागदोपत्री २०२४ पासून अहिल्यानगर, पण आमच्या पिढीच्या तोंडात नगरच.) अहमद निजामशहाने जुन्नर सोडून १४९० च्या सुमाराला सीनेकाठी हे शहर वसवलं, ते जुन्नर आणि दौलताबाद यांच्या साधारण मधे, कारण त्याचं लक्ष दौलताबादवर होतं. पण म्हणून तो काही इथे नुसता मुक्कामाला राहिला नाही. दरबार इथे आणला, पेठा वसवल्या, खापरी नळांनी लांबून पाणी खेळवलं. म्हणून शहर झालं. नुसती राहायची सोय केली असती तर छावणी झाली असती, आणि मोहीम संपल्यावर मोडली असती.

जगातही हेच दिसतं. माझ्या नणंदेची नात जर्सी सिटीला राहते. समोर हडसन नदी आणि पलीकडे न्यूयॉर्कच्या उंच इमारती. नदीखालून आगगाडी १९०८ सालीच सुरू झालेली. त्या काठावर एके काळी गोद्या आणि रेल्वेची यार्डं होती. पुढे तिथे कचेऱ्याही आल्या, म्हणजे नदी ओलांडायची गरज नसलेले लोकही त्या गावात पोट भरू लागले. आपल्या लोकांची तर तिथे दुकानांची अख्खी गल्ली आहे. पण तिला विचारलं, "स्वस्त म्हणून गेलीस का गं?" तर ती हसली. म्हणाली, "आजी, स्वस्त होतं ते माझ्या जन्माआधी."

आता आपल्या हिशोबाकडे येते. थोरल्याची कचेरी लोअर परळला, सूनबाईची नोकरी नेरूळला, नातू सहावीत. सूनबाईला लोकलने नेरूळ म्हणजे काही स्टेशनं. तिला हे घर सोन्यासारखं आहे. प्रश्न आहे तो थोरल्याचा. लोकलने जायचं तर नेरूळला किंवा सीवूड्सला गाडी बदलून हार्बरने जा, पुढे पुन्हा बदला. दारापासून दारापर्यंत दीड तास धरा. अटल सेतूवरून मोटारीने जायचं, तर पूल सुरू झाला तेव्हा मोटारीला एका वेळचा टोल २५० रुपये आणि जाऊन-येऊन ३७५ ठरला होता. महिन्याचे बावीस दिवस धरले तर ८,२५० रुपये नुसते टोलचे, पेट्रोल वेगळं. दुचाकीला तर त्या पुलावर परवानगीच नाही. म्हणजे पूल आहे, पण तो रोजच्यासाठी सगळ्यांचा नाही. उरणच्या मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला लाँच पूर्वीपासून जाते, पण तिला भरती-ओहोटी बघावी लागते. साहेबाला भरती-ओहोटी समजावून सांगता येत नाही.

मग राहिली लोकल. जायला दीड, यायला दीड, दिवसाचे तीन तास. वर्षात कामाचे दिवस अडीचशे. २५० गुणिले ३ म्हणजे ७५० तास. भागिले २४. उत्तर एकतीस दिवस आणि वर काही तास. म्हणजे वर्षातला एक अख्खा महिना, दिवसरात्र, हा माणूस गाडीच्या डब्यात किंवा फलाटावर असणार. आपल्याकडे दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, इथे तर बाराचे अकराच उरले. वीस वर्षांचं कर्ज असेल तर वीस महिने. हप्त्याच्या कागदावर हे कुठे लिहिलेलं नसतं, कारण तो हप्ता बँक घेत नाही. तो नातवाच्या वाट्यातून जातो. बाप घरी येतो तेव्हा पोरगं झोपलेलं, किंवा जागं असलं तरी बाप जागा नाही.

मी थोरल्याला म्हटलं, तुझं काम खाडीच्या अलीकडे येणार असेल, विमानतळामुळे, बंदरामुळे, बेलापूरच्या कचेऱ्यांमुळे, तर डोळे मिटून घे. किंवा आठवड्यातले दोन-तीन दिवस घरून काम करायला मिळणार असेल आणि ते लेखी असेल, तरी घे. पण "पुढे होईल काहीतरी" या भरवशावर घेऊ नकोस. पुढे होईल म्हणूनच तर मंत्रालयाची वाट बघत लोकांची एक पिढी निवृत्त झाली.

दुसरी गोष्ट पाण्याची. जाहिरातीत पाणी फार निळं असतं. खरी खाडी ओहोटीला चिखल दाखवते, कडेला कांदळवन असतं, आणि तेच तिचं सौंदर्य आहे. हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, तेवढ्यासाठी मी सुद्धा गाडीत बसायला तयार आहे. पण आपण नगरची माणसं. पाणी दिसणं आणि पाणी मिळणं यातला फरक आपल्याला कुणी शिकवायला नको. जायकवाडीच्या नाथसागरासाठी शेवगाव-नेवाशाकडची गावं उठली, आणि त्या पाण्यावरून आपले, नाशिकचे आणि मराठवाड्याचे वाद अजून मिटलेले नाहीत. उलव्याच्या खिडकीतून पाणी कितीही दिसलं तरी नळाला येतं ते पेण तालुक्यातल्या हेटवण्याच्या धरणातून. तेव्हा इमारतीच्या टाकीत ते रोज किती तास येतं, उन्हाळ्यात टँकर लागतो का, हे बिल्डरला न विचारता तिथे राहणाऱ्या बाईला विचारा. तिच्याइतकं खरं उत्तर कुणी देणार नाही.

आणि वरून येणारं पाणीही विचारात घ्या. आपल्याकडे वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. तिकडे दोन हजारांच्या वर. जमीन सखल, भर घातलेली. मोठ्या भरतीच्या वेळी पाऊस कोसळला तर पाणी समुद्रात जाऊ शकत नाही, म्हणून नवी मुंबईत हॉलंडच्या पद्धतीने पाणी धरून ठेवणारे तलाव केले आहेत. भरतीत पाणी तिथे थांबतं, ओहोटीला बाहेर सोडतात. युक्ती उत्तम आहे, पण ते तलाव गाळाने भरले किंवा बुजवले तर काय होईल हे समजायला भूगोलाचा पेपर काढायला नको. घर बघायला जायचं तर दिवाळीत जाऊ नका. जुलैत, अमावस्या-पौर्णिमेच्या भरतीला जा.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. ही जमीन रिकामी नव्हती. नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. आगरी आणि कोळी लोकांची शेती, मिठागरं, मासेमारी. भाव अगदी तुटपुंजा मिळत होता म्हणून जासईचे दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं. जानेवारी १९८४ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. त्यांच्या बलिदानातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व आलं. उलव्यातल्या कित्येक इमारती अशाच साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवर उभ्या आहेत. विमानतळासाठी पुन्हा दहा गावं हलली, उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळवला गेला. त्या विमानतळाला 'दिबां'चं नाव द्यावं म्हणून २०२१ मध्ये हजारो लोक रस्त्यावर उतरले, ते का, हे तिथे राहायला जाणाऱ्याला माहीत असायला हवं.

हे मी कुणाला अपराधी वाटावं म्हणून लिहीत नाही. मुळा धरणासाठी राहुरीकडची गावं गेली आणि त्याच २६ टीएमसीच्या धरणाचं पाणी मी नगरमध्ये रोज पिते. कुणाच्या तरी उठण्यावरच आपलं बसणं असतं. एवढंच वाटतं की जिथे जाल तिथले व्हा. त्या गावच्या देवीच्या जत्रेला जा, कोळणीशी दोन रुपयांसाठी घासाघीस करू नका, मुलाला तिथली बोली ऐकू द्या, तिला हसू देऊ नका. नुसते रात्रीपुरते राहाल तर पंचवीस वर्षांनीही पत्ता सांगताना "मुंबईच्या जवळ" असंच म्हणाल.

शेवटचा मुद्दा घरचा आहे, आणि तो लिहू का नको असा दोन दिवस विचार केला. थोरल्याचा आग्रह आहे की आम्ही दोघांनी सावेडीचं घर विकून टाकावं, ते पैसे उलव्यात घालावेत आणि तिकडेच राहायला यावं. "तीन बेडरूमचं घेऊ, तुम्हाला खाडीकडची खोली." त्याच्या मनात खोट नाही, हे मला माहीत आहे. ह्यांचं मनही थोडं तिकडे झुकलं आहे. म्हणतात, "शेवटी कुणासाठी ठेवायचं?"

माझं उत्तर नाही असं आहे, आणि ते रागाने दिलेलं नाही. हे घर आम्ही दोघांच्या पगारातून, सोसायटीचं कर्ज फेडत फेडत बांधलं. पण भावनेचं सोडा. हिशोबाचंच बोलू. मुलाच्या आणि सुनेच्या पगारात जे बसतं ते त्यांना परवडणारं. ज्याला आई-बापांचं छप्पर विकावं लागतं ते परवडणारं नाही, त्याला दुसरं काहीतरी नाव द्या. दोन बेडरूमचं त्यांच्या हप्त्यात बसतंय, तर दोनच घ्यावं. तिसरी खोली आमच्यासाठी म्हणून आमचंच घर विकायचं, याला काय अर्थ आहे? इथे ह्यांच्या गुडघ्याचा डॉक्टर चालत्या अंतरावर आहे. दूधवाला दोन दिवस दार उघडलं नाही तर आवाज देतो. चाळीस वर्षांचे विद्यार्थी रस्त्यात वाकून नमस्कार करतात, आणि रिक्षावाला त्यातलाच असला तर पैसे घेत नाही, मग भांडून द्यावे लागतात. चौदाव्या मजल्यावर हे सगळं पहिल्यापासून जमवायला ह्या वयात किती वर्षं लागतील? आणि मुलगा सून दोघं कामावर गेल्यावर दिवसाचे बारा तास त्या खोलीत आम्ही आणि खाडी.

माझ्या पिढीच्या सगळ्यांनी नाहीच म्हणावं असं मी म्हणत नाही. ज्यांना एकट्याने राहणं झेपत नाही त्यांनी जरूर मुलांजवळ जावं, त्यात कमीपणा नाही. पण आधी एक पावसाळा आणि एक उन्हाळा राहून बघावं, आपल्या घराला कुलूप लावून, विकून नव्हे. घर विकून गेलेल्याला परत येता येत नाही. आणि ज्याला परत येता येत नाही तो पाहुणाही राहत नाही, घरचाही होत नाही.

आम्ही काय ठरवलंय तर, बँकेत ठेवलेल्या पैशातून झेपेल तेवढी मदत सुरुवातीच्या रकमेला करायची. ती देणगी, कर्ज नाही. थंडीत दोन महिने तिकडे जाऊन राहायचं, मे महिन्यात नातवाने इथे यायचं. थोरला अजून थोडा रुसलेला आहे. पण परवा फोनवर म्हणाला की त्याने कंपनीत घरून कामाच्या दिवसांचं विचारलंय, उत्तर आल्यावरच पुढचं बघू. मला वाटतं एवढं पुरे आहे.

तेव्हा भाचे-पुतणे मंडळी, घर बघायला निघालात तर चार गोष्टी करा. सोमवारी सकाळी साडेसातला तिथून निघून कचेरीपर्यंत जाऊन बघा आणि संध्याकाळी परत या, रविवारी मोटारीने जाऊन वेळ मोजू नका. तिथल्या बाईला पाण्याचं विचारा. जुलैतली भरती बघा. आणि आई-बाबांच्या घराचा आकडा बेरजेत धरू नका. एवढं करूनही घर परवडत असेल तर कळवा, वास्तुशांतीला मी पुरणपोळ्या घेऊन येईन. लोकलनेच येईन, म्हणजे माझाही हिशोब पडताळून होईल.